डोंगरातल्या फुलपाखरांवर काम करायचंय? मग आधी वनस्पती शिका

हिमालयातल्या फुलपाखरांवर संशोधन करायचंय म्हणून महाराष्ट्रातली मुलंमुली अधूनमधून मला प्रस्ताव दाखवतात. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: तापमानवाढीमुळे फुलपाखरं वर सरकताहेत का? प्रश्न उत्तम आहे. स्पेनमधल्या सिएरा दे ग्वादारामा या डोंगररांगेत तीस वर्षांत तापमान सुमारे 1.3 अंशांनी वाढलं आणि उंचीवर राहणाऱ्या 16 जातींची खालची सीमा सरासरी 212 मीटर वर गेली, हे तुम्ही वाचलेलं असेलच. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गणितही नीट जुळतं. मीही हेच डोक्यात घेऊन गढवालला गेले होते. चोपता ते तुंगनाथ आणि पुढे चंद्रशिला, साधारण 2,700 पासून 4,000 मीटरपर्यंत एकच पायवाट. वाटेत दिसेल ते नोंदवायचं आणि जुन्या नोंदींशी ताडून बघायचं.

इथेच माझा पहिला अख्खा हंगाम गेला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चंद्रशिलेच्या माथ्यावर सकाळी ऊन आलं की यलो स्वॅलोटेल फुलपाखरं घिरट्या घालताना दिसतात. एक जण दगडावर पंख पसरून बसतो, दुसरा आला की दोघं गोल गोल फिरत वर चढतात, मग पहिला परत त्याच दगडावर. हे जवळजवळ सगळे नर असतात. मादी मिळावी म्हणून माथा गाठायचा, हीच त्यांची रीत, तिला हिलटॉपिंग म्हणतात. मादी येते, मीलन होतं आणि ती अंडी घालायला खाली जाते, गाजर-बडीशेपेच्या कुळातल्या वनस्पतींवर. म्हणजे 4,000 मीटरवर फुलपाखरू दिसलं खरं, पण त्याचं घर तिथं असेलच असं नाही. पेंटेड लेडी हे फुलपाखरू तर लांबून स्थलांतर करत येतं, आणि दरीतला वाराही दुपारी बरंच काही वर आणून टाकतो. अशा नोंदी धरून ‘वरची सीमा’ काढली की आलेख सुंदर येतो आणि निष्कर्ष चुकतो. माझा आलेख फारच सुंदर आला होता.

म्हणून अंडं, सुरवंट, निदान अंडी घालणारी मादी, यांपैकी काही दिसल्याशिवाय ‘इथे राहतं’ असं लिहू नका. त्यासाठी वनस्पती ओळखता यायला हव्यात. इंडियन टॉर्टॉइजशेल या फुलपाखराचे सुरवंट कंडालीवर, म्हणजे तिथल्या खाजऱ्या बिच्छू-घासावर वाढतात. ही कंडाली बुग्याळात, म्हणजे उंचावरच्या कुरणात, कुठे माजते? जिथे गुरंमेंढ्या बसतात, छानीच्या, म्हणजे मेंढपाळांच्या झोपडीच्या आसपास, शेणमुतानं जमीन कसदार झालेली असते तिथे. त्यामुळे टॉर्टॉइजशेल वर दिसलं तर आधी मेंढपाळांना विचारा, इथं तळ कधीपासून पडतो. तापमानाचं नाव नंतर घ्या.

आणखी एक, थोडक्यात. रोज खालून आठला निघून अकराला माथ्यावर पोचलात, तर तुम्ही उंची मोजताय की घड्याळ, हे कधीच कळणार नाही. एक दिवस वरून खाली मोजा. त्यासाठी अंधारात चढावं लागतं, पण पर्याय नाही, दुपारच्या आत ढग चढतात. बर्फ उशिरा वितळलं तर फुलपाखरंही उशिरा निघतात. तीच तारीख धरून गेलात आणि काही दिसलं नाही, तर ‘जात नाहीशी झाली’ असं कृपा करून लिहू नका.

जुन्या नोंदींचं म्हणाल, तर संग्रहातल्या फुलपाखराच्या चिठ्ठीवर अनेकदा नुसतं ‘कुमाऊँ’ असतं. कुमाऊँ म्हणजे तराईपासून नंदादेवीपर्यंत सगळंच आलं. त्यातून मीटर काढता येत नाहीत.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध मोजू नका. शेवटचे फील्डवर कधी गेले होते, ते त्यांच्याच विद्यार्थ्यांना चहाला बोलावून विचारा. मला पहिले लाभलेले सर म्हणाले होते, नेटवरच्या नोंदी उतरव, मॅक्सएंट (नोंदींवरून जातीच्या वावराचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर) चालव, सहा महिन्यांत पेपर होईल. होतोही. पण त्या नोंदी बहुतेक रस्त्याकडेच्या आणि पर्यटकांच्या वाटेवरच्या असतात, आणि नकाशाही मग रस्त्यांचाच होतो. हा रस्ता धरू नका, एवढं हट्टानं सांगते.

चार-पाच वर्षांच्या पीएचडीत बदल मोजून होणार नाही, हे मनाशी पक्कं करा. कॅलिफोर्नियात आर्थर शपिरो यांनी 1972 पासून समुद्रसपाटीपासून सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या वृक्षरेषेपर्यंतच्या (जिथे झाडं संपतात तिथपर्यंतच्या) ठरलेल्या दहा जागी दर दोन आठवड्यांनी फुलपाखरं नोंदवली, तेव्हा कुठे उत्तरं दिसू लागली. पण म्हणून हातपाय गाळू नका. उंची, वेळ, ऊन-ढग आणि खाद्यवनस्पती यांसह नीट केलेली पहिली नोंद ही पुढच्या प्रत्येकाची सुरुवात असते, आणि आपल्याकडे तशा नोंदी फार कमी आहेत. ती तुमच्या हातून होऊ शकते. खालच्या सीमेकडे जास्त लक्ष द्या. माथ्यावर गर्दी असते, पण जात हरवायला लागते ती खालून.

सह्याद्रीत सुरुवात करायला काहीच हरकत नाही. कळसूबाई 1,646 मीटरच, त्यामुळे उंचीपेक्षा पावसाचा खेळ मोठा. तरी मोजणीची शिस्त तीच. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज मात्र आत्ताच टाका. तुंगनाथचा परिसर केदारनाथ अभयारण्यात येतो, आणि परवानगी हातात आल्याशिवाय जाळी पिशवीतून बाहेरही काढायची नाही.