मालकंस येतो ना? मग पहिली कृती बसवा

वास्कोला आमच्या शेजारी एक तमिळ मामी राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मी कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांची ‘सामजवरगमना’ ही कृती, म्हणजे रचना, शिकले. आता आमच्या भजनी मंडळातल्या बायका विचारतात, आम्हांला जमेल का गं? जमेल. फक्त अभंगाची चाल कानावर घेऊन लगेच गायला लागतो, तसं इथे करू नका.

हीच कृती घ्या म्हणते, कारण राग हिंदोळम. आपल्या हिंडोल रागाशी त्याचा संबंध नाही. स्वर आपल्या मालकंस रागाचे आहेत: सा ग म ध नि, त्यातले ग, ध, नि कोमल. त्यागराजांच्या (१७६७–१८४७) बहुतेक रचना तेलुगूत आहेत, ही मात्र संस्कृतात, म्हणून जीभ अडखळत नाही.

पहिला आठवडा गाऊच नका. मांडीवर आदि ताल धरा. एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. झाल्या चार मात्रा. पुढे थाप आणि हात उताणा, पुन्हा थाप, पुन्हा उताणा. आठ पूर्ण. आपल्याला धुमाळीच्या ठेक्यावर समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, सवय असते, पखवाजवाला ती हातात आणून देतो. कर्नाटक संगीतातला मृदंग असा एकच ठेका धरून बसत नाही, तो गाण्याच्या अंगाने वाजतो. म्हणून मोजणं गाणाऱ्याच्या हातातच हवं. त्यातून पुष्कळ कृती समेवर उठत नाहीत, सम जाऊ देऊन मग उचलतात. रेकॉर्ड लावा, हात चालू ठेवा आणि ‘सामज’मधला ‘सा’ नेमका कुठे पडतो ते दहा वेळा पाहा.

मग शब्द, तेही न गाता, तालात. अर्थ कळला की तोडणी चुकत नाही. सामज म्हणजे हत्ती; हत्तीसारखी डौलदार चाल असलेल्या देवाला ही हाक आहे. पुढे कृतीच्या दुसऱ्या भागात, अनुपल्लवीत, ‘सामनिगमज’ येतं, म्हणजे सामवेदातून जन्मलेलं. हत्तीचं नाव आणि गाण्याचं मूळ, दोन्हींत तो ‘साम’! हे समजलं त्या दिवशी मला ती ओळ सोडवेना.

आता सूर. पेटी बंद करा, तंबोराच लावा. मामी जिला पाच कट्टै म्हणतात ती पट्टी म्हणजे आपली पांढरी पाच. पेटीची पट्टी एका जागी ठाम राहते आणि इथला स्वर हलतो. मी पहिल्याच दिवशी मालकंसाच्या सवयीने मध्यमावर लांब थांबले, निषाद सरळ लावला. मामींनी माझं मनगट धरलं, डोळे मिटले आणि तोच निषाद पाळण्यासारखा हलवून दाखवला. वीस वेळा तरी म्हणून घेतला असेल. तुम्हीही एकेक स्वर असाच घ्या. हे कागदावर लिहून येत नाही, शिकवणारं माणूस शोधाच.

पहिल्या भागाची, पल्लवीची, एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी थोडी वाढते. त्या संगती. त्या ठरलेल्या क्रमानेच यायला हव्यात. मधेच आपली मुरकी, आपली तान घालू नका. भजनात ते शोभतं, इथे बांधणीच मोडते.

मांडणी मात्र ओळखीची आहे. पल्लवी म्हणजे आपलं ध्रुपद, अनुपल्लवी आणि चरणानंतर तिथेच परतायचं. चरणाच्या शेवटी ‘त्यागराजवंदनीय’ येतं, आपल्या ‘तुका म्हणे’सारखं. कर्नाटक संगीतातलेच दुसरे रचनाकार दीक्षितर, त्यांच्या रचनांत तिथे ‘गुरुगुह’ सापडेल, पुरंदरदासांच्या पदांत ‘पुरंदरविठ्ठल’. विठ्ठलाचं नाव कानडी पदात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मंडळात म्हणायची असेल तर पखवाजवाल्याला आधी घरी बोलवा. साधे आठ मात्रांचे बोल, झांज हळू, आणि पल्लवी कुठून उठते ते त्याच्याकडून हातावर मोजून घ्या. आमची पहिल्या दिवशी तिथेच तीनदा घसरली.