स्काउट पथकात घालताना: गणवेश नंतर, तारीख आधी

मुलाला स्काउटमध्ये किंवा मुलीला गाईडमध्ये घालायचं ठरलं की पहिली धाव गणवेशाच्या दुकानाकडे जाते. थांबा, आधी पथक शोधा. शाळेत भारत स्काउट्स आणि गाईड्सचं पथक असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर जिल्हा कार्यालयात विचारा, शाळेबाहेर चालणारी खुली पथकंही असतात. पथकाची यंदाची नोंदणी झाली आहे का, हे विचारायला लाजू नका. नसेल झाली तर मूल दोन वर्षं मजेत खेळेल, गाठी शिकेल, पण कागदावर कुठेच नसेल.

वयाचं सोपं आहे. 10 पर्यंत कब-बुलबुल, म्हणजे लहान मुला-मुलींचे गट, 10 पूर्ण झाली की स्काउट किंवा गाईड. पाचवीत घातलेलं बरं. नववीत घालून राज्य पुरस्काराची वाट बघणारे पालक दरवर्षी भेटतात. ‘प्रवेश’ या पहिल्या टप्प्यालाच तीन महिने जातात, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, म्हणजे पुढचे टप्पे, आणि राज्य पुरस्कार त्यानंतर. प्रत्येकाला किमान महिने ठरलेले, आणि ते मागच्या टप्प्याच्या तारखेपासून मोजतात. मुलगा हुशार आहे म्हणून महिने कमी होत नाहीत.

तेव्हा, तारीख. जन्मदाखला, फोटो, वर्गणी हे सगळे नेतात, त्यावर शब्द घालवत नाही. राहते ती दीक्षाविधीची, म्हणजे मूल वचन घेऊन पथकात रीतसर सामील होतं त्या कार्यक्रमाची तारीख. मुलाने वचन घेतलं, टाळ्या झाल्या, फोटो काढले, पेढे वाटले आणि मुलाच्या प्रगतीची नोंदवही कोरीच. मागच्या खेपेला आमच्याकडून नेमकं हेच राहिलं, म्हणून ही यादी. त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आत, मुलाच्या नोंदवहीत तारीख, स्काउटमास्तरांची सही आणि पथकाचा शिक्का घ्या. पथकाच्या रजिस्टरमध्येही तीच तारीख चढली का, ते स्वतः बघा. ‘सर नंतर करतील’ म्हणू नका. सरांची बदली होते, रजिस्टर कपाटात जातं, कपाटाची किल्ली शिपायाकडे.

नावही तिथेच तपासा. जन्मदाखल्यावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. पुढे कोणी रेल्वेच्या स्काउट-गाईड कोट्यातून नोकरीसाठी अर्ज करायचं म्हटलं की प्रमाणपत्रावरची एक वेलांटीसुद्धा नडते.

आता कपडे. स्काउटचा शर्ट करडा, पँट गडद निळी. शर्ट एक माप मोठा घ्या, खांद्यावर पट्ट्या आणि दोन्ही खिशांना झाकण हवंच. स्कार्फचा रंग पथकाचा ठरलेला असतो, तो विचारल्याशिवाय कापड घेऊ नका. त्रिकोणाच्या दोन बाजू 70 ते 80 सेंमी लागतात. 80 सेंमीचा चौकोन कर्णावर कापला की दोन स्कार्फ निघतात, शेजारच्या मुलाशी वाटून घ्या. तिरपी कड ताणली जाते, म्हणून शिंप्याला आधी ती कच्ची टाचून घ्यायला सांगा, नाहीतर लाटेसारखी होते. सदस्यत्वाचा बिल्ला डाव्या खिशावर येतो, पण दीक्षाविधीच्या आधी शिवायचा नाही. स्कार्फ आणि बिल्ला त्या दिवशी तिथेच घातला जातो, घरून सजवून पाठवलेल्या मुलाची पंचाईत होते.

पाठांतर: वचन, नऊ कलमांचा नियम, प्रार्थना, ध्वजगीत. वचनात ‘ईश्वर’ की ‘धर्म’ म्हणायचं ते घरी आधीच ठरवा, ऐनवेळी मूल अडखळतं. तीन बोटांची वंदना, करंगळीवर अंगठा. हस्तांदोलन डाव्या हाताने, हे आरशासमोर दहादा करून घ्या, कारण हात आपसूक उजवाच पुढे जातो.

घरी महिनाभर रोज एक सत्कृत्य आणि त्याची डायरी. ती रविवारी बसून, एकाच पेनाने, तीसच्या तीस ओळी ‘आईला मदत केली’ अशी लिहू नका, तपासणारे काही आंधळे नसतात. पाणी भरलं तर किती कळश्या ते लिहा. आणि तारीख. इथेही तारीख.

पथकातला छोटा गट म्हणजे संघ, तो सहा ते आठ जणांचा असतो. ओळखीच्याच संघात टाका म्हणून मागे लागू नका, संघनायक सांभाळून घेतो.

पहिलं शिबिर: ताट-वाटी-पेला, अंथरूण, टॉर्च, दोरी, नेहमीची औषधं. प्रत्येकावर नाव. मोबाइल घरी.

शिबिराचं प्रमाणपत्र आलं की झेरॉक्स काढा, नोंदवहीत चिकटवा, आणि दीक्षाविधीचं पान उघडून एकदा बघा: तारीख आहे? सही? शिक्का? शिक्का नसेल तर उद्याच शाळेत जा.