नातेवाईक कोण आहे? बेघर पेशंटसोबत काम करायला येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर कोर्सला, ॲडमिशन घेतलेल्या दोन-तीन मुलींनी विचारलं की ताई, आम्हाला बेघर लोकांसोबत फिल्डवर्क करायचंय, आधी काय माहीत असायला पाहिजे, म्हणून जमेल तसं लिहिते. मी कोल्हापुरातच एमएसडब्ल्यू केलं, दोन वर्षं, आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क, आणि नंतर शहरी बेघर निवाऱ्यात नोकरी. घरी आई म्हणाली होती, एवढं शिकून स्टँडवरच्या लोकांच्यात बसणार व्हय? तुमच्याही घरी असंच म्हणतील, त्याची तयारी ठेवा.

फुकट उपचारांची सोयच नाही असं नाहीये. दसरा चौकात सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, धर्मादाय हॉस्पिटलात राखीव बेड आहेत, महापालिकेचा निवारा आहे. पण हे सगळं पदरात पडायला एक माणूस लागतो, जो केसपेपर काढेल, एक्सरेच्या लाईनीत थांबेल, रिपोर्ट आणायला पळेल, रात्री कॉटशेजारी बसेल, आणि बेघर माणसाकडं नेमका तोच नसतो. ॲडमिशनच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'रुग्णाशी नाते', सगळं तिथंच अडतं.

माझी पहिली केस सांगते. मध्यवर्ती बसस्थानकाजवळ एक काका बसायचे, पायाला जखम, त्यात अळ्या पडलेल्या, वासानं लोक लांबून जायचे. आम्ही १०८ ला फोन केला, गाडी आली, एका हॉस्पिटलात नेलं. खिडकीवर विचारलं, नातेवाईक कोण? मी तो रकाना कोराच ठेवला तर फॉर्म परत आला. मग सरांना फोन, मग सही, यात दुपार गेली, काका स्ट्रेचरवरच, एक्सरेला न्यायला कोण नाही. पाच वाजता माझी फिल्डवर्कची वेळ संपली आणि गावाकडची एसटी गाठायची म्हणून मी निघून गेले. रात्री काका तिथनं उठून गेले आणि दोन दिवसांनी परत स्टँडवर त्याच खांबाला टेकून बसलेले दिसले, पाय अजून सुजलेला. मला म्हणाले, पोरी तू गेलीस, मग मी तिथं कुणासाठी बसू? पुढं त्यांचा पाय वाचला, पण ते वाक्य माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही. पेशंटला कॉट मिळून सलाईन सुरू होईपर्यंत हलायचं नाही, आणि जायचंच असलं तर सिस्टरना आणि वॉर्डातल्या मामा-मावशींना (म्हणजे तिथल्या मदतनीसांना) सांगून, पुढं कोण येणार त्याचं नाव-नंबर देऊन जायचं.

आता कायद्याचं, हे पाठच करा. २००६ साली मुंबई हायकोर्टानं मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के बेड दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवावे लागतात, आणि त्यासाठी बिलाच्या एकूण रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकावे लागतात. एरवी पिवळं रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा दाखला मागतात, पण इमर्जन्सी असेल तर आधी भरती करून पेशंट स्थिर करायचा, निर्धन पेशंटकडं डिपॉझिट मागायचं नाही असं त्यात आहे. मी तर या योजनेची झेरॉक्स पर्समध्येच ठेवते, भांडण करण्यापेक्षा कागद पुढं करून हळू आवाजात बोललं की काम लवकर होतं. महात्मा फुले योजनेत १ जुलै २०२४ पासून वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, तिथं हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, गाठायचं. पण कार्ड लागतं, आणि आपल्या माणसाकडं आधारसुद्धा नसतं, असलं तर चोरीला गेलेलं किंवा पावसात भिजून लगदा झालेलं. म्हणून निवाऱ्यात माणूस आला की पहिल्या आठवड्यातच आधारच्या मागं लागा, मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं पत्र पत्त्यासाठी चालतं. आजारी पडल्यावर धावपळ करून कागद होत नाहीत.

निवाऱ्याबद्दल थोडं. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं की शहरात लाख लोकवस्तीमागं एक तरी निवारा पाहिजे, तो चोवीस तास उघडा पाहिजे, पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात माणशी ५० चौरस फूट जागा असं माप आलं. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साधारण साडेपाच लाखांचं, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. दसरा चौकातनं जाताना ती जुनी बोर्डिंगं बघते तेव्हा मला दरवेळी वाटतं, १९०१ पासून शाहू महाराजांनी परगावच्या पोरांना राहायला छप्पर पाहिजे म्हणून एकेक बोर्डिंग उभं करायला मदत केली, या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात, तर अशा गावात म्हातारं माणूस फुटपाथवर झोपलेलं दिसायलाच नको.

रात्रीच्या फेरीत माणसाला उठवून गाडीत घालायचं नाही. शेजारी खाली बसायचं, जेवलाय काय विचारायचं, नाव सांगतील ते लिहायचं, खोटं असलं तरी. काहीजण चार-पाच फेऱ्यांनंतर येतात, काहीजण येतच नाहीत कारण त्यांचं कुत्रं किंवा बोचकं आत घेत नाहीत असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. आणि फोटो काढू नका, माझी हात जोडून विनंती आहे, केस कापतानाचे, अंघोळ घालतानाचे तर अजिबात नको.

मनोरुग्ण असेल तर एकट्यानं हात घालू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं भटकणाऱ्या आजारी माणसाला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायची जबाबदारी पोलिसांवर आहे, आणि बेघर माणसाला मानसिक आजाराचे उपचार मोफत आहेत. पुढं कधीकधी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयापर्यंत जावं लागतं. आपण सीमेवर आहोत, त्यामुळं थोडं कानडी शिकून घ्या, खूप उपयोग होतो. एक आज्जी तीन महिने गप्प होत्या, एका मुलीनं 'ऊटा आयता?' (जेवण झालं का?) विचारलं आणि त्या बोलायलाच लागल्या.

स्वतःचं पण बघा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस काम सुरू करायच्या आधीपासूनच घ्यायला लागा, पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. जुना खोकला असेल तिथं मास्क, थुंकी तपासून घ्या, टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पगार कमी असतो, ग्रँट रखडली की उशिरा येतो, मला एकदा तीन महिने थांबावं लागलं, तेव्हा घरभाड्याचं आधीच बघून ठेवा.

संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून सही कधीच करू नका. जीव वाचवायचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना त्यासाठी थांबावं लागत नाही, हे नम्रपणे सांगायचं. 'रुग्णाशी नाते' इथं मी आता 'सामाजिक कार्यकर्ती' लिहिते, खाली संस्थेचा शिक्का.

कुणी गेलं तर पोलिसांची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर पंचगंगा स्मशानभूमीत न्यायचं, तिथं महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, होळीला मंडळं शेणी (गोवऱ्या) दान करतात त्या तिथंच वापरतात. निवाऱ्यातली बाकीची माणसं यायचं म्हणाली तर त्यांना घेऊन जा, रिक्षाचे पैसे आधी काढून ठेवा.

जुलैत जॉइन होणार असाल तर पहिल्या आठवड्यातच रात्रीच्या फेरीला या. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की घाटावर झोपणारी माणसं रातोरात दुसरीकडं हलतात, ती कुठं सापडतात ते जुन्या कार्यकर्त्यांना विचारून वहीत लिहून घ्या. येताना टॉर्च, रेनकोट आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या दोन कोरड्या चादरी आणा.