कट्यार दारात आली की आधी कागद

वस्तुसंग्रहालयशास्त्र शिकून आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात मला विचारतात, "ताई, तलवारीला लायसन लागतं का?" याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यापासून सावध राहा. मी सिंधुदुर्गात एका विश्वस्त मंडळाच्या छोट्या संग्रहालयात संग्रह सांभाळते. आमच्याकडे शस्त्रांचं दालन एकच, पण निम्मी डोकेदुखी त्याच दालनाची. बडोद्यात किंवा मुंबईत शिकताना मांडणी, प्रकाशयोजना, संवर्धन हे सगळं नीट शिकवतात. शस्त्र कायदा मात्र एखाद्या तासात उरकतात. नोकरीला लागल्यावर पोलीस ठाण्यातला हवालदार पहिला प्रश्न त्याच तासातला विचारतो.

सुरुवात शस्त्र अधिनियम, १९५९ पासून करायची. त्यातली व्याख्या आधी वाचा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली कोणतीही वस्तू शस्त्र, धारदार हत्यारंही त्यात आली. केवळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू मात्र बाहेर. ज्यांचा खेळण्यापलीकडे उपयोगच नाही, अशाही बाहेर. मग २०१६ चे शस्त्र नियम उघडा. त्यातल्या पाचव्या वर्गात तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले, परशू आणि सुरे येतात. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद, ही तिथली मोजपट्टी. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती तिथेही वगळली आहेत.

म्हणून आमच्या नोंदवहीत पात्याची लांबी आणि मुठीची लांबी असे दोन वेगळे रकाने आहेत. "एकूण लांबी १४ इंच" या नोंदीचा कायद्याच्या दृष्टीने काहीच उपयोग नाही. मूठ संपते तिथून टोकापर्यंत मोजा, सर्वात रुंद जागी रुंदी घ्या, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहा.

आता कोकणातली खास गंमत. आमच्याकडे कमरेच्या आकडीला अडकवायचा कोयता आहे, विळे आहेत, मासे कापायची सुरी आहे, आडाळो म्हणजे विळी आहे. यातला कोयता आमच्या कित्येक कट्यारींपेक्षा लांब आणि रुंद भरतो. तरी तो शेतीचं अवजार, कट्यार शस्त्र. हा फरक पात्याच्या आकाराने ठरत नाही, ते कशासाठी बनवलं यावर ठरतो, आणि ते सांगणारा पुरावा तुमच्या कागदात असावा लागतो: कोणत्या लोहाराने घडवला, कोणत्या वाडीत वापरला, कवळ (झाडाच्या पानांच्या फांद्या) तोडायला की आणखी कशाला. मांडणी करतानाही भान ठेवा. शेतीच्या दालनात भाताच्या पेंढीशेजारी ठेवलेला कोयता अवजार दिसतो. तोच ढाल-तलवारीच्या खाली आडवा लावलात, तर तो हत्यार असल्याचं तुम्ही स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं.

वर्तमानपत्रात "४/२५ प्रमाणे गुन्हा दाखल" असं वाचता ना, ती याच अधिनियमाची कलमं. कलम ४ खाली अधिसूचना निघालेल्या भागात ठरावीक वर्गाची शस्त्रं विनापरवाना बाळगता येत नाहीत, आणि कलम २५ मध्ये त्याची शिक्षा आहे. शेजारी हमखास दिसते ती ३७(१) आणि १३५ ची जोडी, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचा मनाई आदेश आणि तो मोडल्याची शिक्षा. सण, निवडणूक, मोर्चा असला की जिल्ह्यात हा आदेश निघतो आणि हत्यार घेऊन फिरायला बंदी येते. संग्रहालयाला त्यातून आपोआप सूट मिळते, असं समजू नका.

आणि सूट कुठे आहे? कलम ४५ मध्ये. शासकीय सेवक कर्तव्याचा भाग म्हणून शस्त्र बाळगत असेल, तर त्याला अधिनियम लागू होत नाही. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यातल्या शासकीय संग्रहालयासारख्या ठिकाणी नोकरी लागली, तर पायाखाली ही जमीन असते. आमच्यासारख्या विश्वस्त संस्थेला ती नाही. त्याच कलमात जुन्या धाटणीच्या किंवा पुरावस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांचाही उल्लेख आहे आणि बरेच जण तेवढंच वाचून निवांत होतात. वाक्य शेवटपर्यंत वाचा. ते संपतं बंदुकीवर: दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी वस्तू. पात्याला ही सूट आपसूक लागते, असं धरून काम करू नये, हे माझं स्पष्ट मत.

आम्ही काय करतो? शस्त्रांची छायाचित्रांसह यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत देतो, परवान्याची गरज आहे का हे लेखी विचारतो, प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला देतो आणि दोन्हीकडचा आवक शिक्का असलेली पोच फाइलला लावतो. नवं पातं आलं की पुरवणी यादी. उत्तर यायला वेळ लागतो, कधी स्मरणपत्रं द्यावी लागतात. तरी विचारलेलं असणं आणि न विचारलेलं असणं, यात फार फरक आहे.

खरी जोखीम कपाटात नाही. वस्तू एका जागेहून दुसरीकडे जाते तेव्हा आहे, आणि त्यातही दारातून नोंदवहीपर्यंतच्या वेळात. एक आजोबा तांदळाच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून कट्यार घेऊन आले होते. टेबलावर ठेवली आणि मग हळू आवाजात म्हणाले, "बाय गो, एसटीतसून हाडलंय. पोलीस पकडतले काय?" तेव्हापासून फोनवरच सांगून ठेवतो: काका, तुम्ही आणू नका, आम्ही येतो. आम्ही जातो तेव्हा संस्थेच्या लेटरहेडवर वस्तूचं वर्णन, कुठून कुठे नेतोय ते, सोबत कोण आहे ते, सगळं लिहिलेलं असतं. पातं जाड पुठ्ठ्याच्या म्यानात बांधतो आणि डिकीतल्या कुलूपबंद पेटीत ठेवतो. मनाई आदेश चालू असला, तर तारीख पुढे ढकलतो.

दानपत्राबद्दल एक कोकणी सल्ला. देणाऱ्या एकट्याच्या सहीवर वस्तू घेऊ नका. घर सामायिक, देवघर सामायिक, त्यामुळे देवघरातली कट्यारही सामायिक. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात आणि मग विचारणा होते, "पणज्याची कट्यार कोणाक विचारून दिलास?" सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, ओळखपत्रांच्या प्रती आणि वस्तू घरात कशी आली याचं त्यांच्याच शब्दांत निवेदन, एवढं झाल्यावरच दाखल क्रमांक, म्हणजे संग्रहातला नोंद क्रमांक.

घरसामानाबरोबर आलेल्या काठ्याही तपासा. एका जुन्या वाड्यातून पलंग, फणी-करंड्याची पेटी, समया आणि एक शिसवी काठी आली. आमच्या मदतनीसाने ती छत्र्यांच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली होती. उचलली तर हाताला जड, तोलही मुठीकडे. मुठीखाली दोन बोटं रुंद पितळी कडं होतं आणि त्याच्या एका बाजूला बारीक फट. जराशी फिरवून ओढली, तर तेलाचा वास आणि आत तिधारी पातं. गुप्ती! शस्त्र नियमांत हिचं नावानिशी नाव आहे. कोपऱ्यातून ती त्याच दिवशी कुलपात गेली, छायाचित्रं काढली आणि पुरवणी यादीत चढली.

मूठही बघा. हस्तिदंताची असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आडवा येतो. सार्वजनिक संग्रहालयाला त्यात काही मोकळीक आहे, खासगी संग्रहाला नाही. आपण कशात मोडतो हे वनविभागाला विचारल्याशिवाय अशी वस्तू स्वीकारू नका. मूठ हाडाची की हस्तिदंताची हे भिंगाने बघितलं तर बऱ्याचदा कळतं: हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, हाडावर बारीक काळपट छिद्रं.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. आणि पाया खणताना किंवा बागेत आळी काढताना सापडलेली तलवार ही १८७८ च्या निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याच्या, कायद्याची बाब. मोल १० रुपयांवर गेलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. अशी वस्तू कोणी थेट तुमच्याकडे आणली, तर नोंद करून घेण्याऐवजी त्यांना आधी तिकडे पाठवा.

परदेशी नियमही थोडे वाचावेत, आपले समजायला मदत होते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या एका आदेशाने प्रतिबंधित शस्त्रांची यादी केली, तिच्यात गुप्ती आहे आणि हातात घालायची नखंही आहेत. पण तिथे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला सूट आहे आणि संग्रहालयांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आणि आधी साताऱ्यात, आली, तेव्हा वर्तमानपत्रांत ती खरी कुणाची यावरच रकाने भरले. मला त्यामागचा करार वाचायला जास्त आवडलं असतं.

आता सुरक्षा, आणि आमच्याकडे सुरक्षा म्हटलं की खारा वारा आलाच. कपाटाला टफन्ड काच लावून समाधान मानू नका. कोपऱ्यावर टोकदार फटका बसला की तिचा भुगा होतो. लॅमिनेटेड काच तडकते, पण मधल्या पापुद्र्यामुळे जागेवर राहते आणि चोराचा वेळ खाते. लोखंडी कुलूप पावसाळ्यात धरतं, पितळी घ्या. किल्ल्या दोन, दोन माणसांकडे. पातं नुसतं खिळ्यावर टेकवू नका. कपाट उघडं राहिलं तरी अवजाराशिवाय सुटणार नाही अशी पकड दोन ठिकाणी हवी, आणि पकडीच्या आत फोमचं अस्तर. टोक मागच्या भिंतीकडे. कॅमेऱ्याला यूपीएस नसेल तर तो नसल्यातच जमा, कारण आमच्याकडे वादळ आलं की पहिली जाते ती वीज.

जुलैत बाहेरची आर्द्रता ९० टक्क्यांवर असते आणि लोखंडी पात्याला ५० च्या खाली बरं वाटतं, मातीतून निघालेल्याला त्याहून बरंच कमी. कपाटात सिलिका जेल ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की लगेच बदला. पातं चामड्याच्या किंवा मखमली म्यानात ठेवू नका, दोन्ही शेजारी वेगवेगळी ठेवा. दाखल क्रमांकाची चिठ्ठी मुठीला बांधा, पात्याला नको: सुती दोरा ओल धरतो आणि दोऱ्याखाली बरोबर दोऱ्याएवढी तांबूस रेघ उमटते. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे. खोबरेल लावायचा सल्ला गावात प्रत्येकजण देतो, नम्रपणे नको म्हणा, त्यावर धूळ बसते. धार लावणं तर सोडाच, चकचकीत घासूही नका. पोलादावरची जौहराची, म्हणजे पोलादातच उमटलेली लाटांसारखी, नक्षी घासण्याने पहिली जाते.

दसऱ्याला विश्वस्तांना शस्त्रपूजन हवं असतं. आमचं उत्तर ठरलेलं आहे: पूजा बंद कपाटासमोर, हळद-कुंकू तबकात, पात्याला नाही. शाळेच्या मुलांसाठी सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी कट्यार करून घेतली आहे. ती हातात घेऊन पोरं मुठीची पकड समजून घेतात आणि कायद्याच्या भाषेत ती खेळणंच आहे.

या कामात पगार सुरुवातीला बेताचा असतो. शासकीय अभिरक्षक (क्युरेटर) पदांच्या जाहिराती क्वचित निघतात, खासगी संस्थांत ओळखीवर जागा भरतात. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्ही स्वतः केलेल्या नोंदीचा एखादा नमुना सोबत न्या: वस्तू कोणतीही चालेल, पण मापं, छायाचित्रं, मालकीचा माग आणि कोणता कायदा लागू होतो, हे सगळं एका पानात असू द्या. पदविका प्रत्येकाकडे असते, असं पान मला मुलाखतींत फार कमी वेळा बघायला मिळालंय.