मेनिंजायटिसची साथ: घरात काय पाहायचं, गोळी कुणी घ्यायची

ताप, डोकं फुटेल अशी वेदना, उलट्या, उजेड न सोसणं आणि मान ताठ होणं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर सकाळपर्यंत थांबू नका. मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या आवरणाला सूज येते, त्याला मेनिंजायटिस म्हणतात. विषाणूमुळे झालेला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. मेनिंगोकोकस या जिवाणूमुळे झालेला मात्र काही तासांत माणसाला नेऊ शकतो. उपचार मिळूनही दहातला साधारण एक रुग्ण दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी काहींना बहिरेपण येतं. दोन्हींतला फरक घरी कळत नाही, म्हणून जिवाणूचाच आहे असं धरून चला.

मान तपासणं सोपं आहे. रुग्णाला उताणं झोपवा आणि हनुवटी छातीला टेकवायला सांगा. टेकत नसेल किंवा तसं करताना कळ येत असेल, तर ते गंभीर समजा. तान्ह्या बाळात मात्र मान ताठ होईलच असं नाही. तिथे टाळू फुगलेली, रडणं किरटं, दूध नको, उचलून घेतलं तर आणखी चिडणं आणि हातपाय गार पडणं, हे पाहा.

अंगावर लाल-जांभळे ठिपके आले असतील तर काचेचा पारदर्शक ग्लास त्यांच्यावर घट्ट दाबा. काचेतून ठिपके दिसतच राहिले तर तो त्वचेखालचा रक्तस्राव आहे. सावळ्या कातडीवर हे चटकन कळत नाही. तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडाच्या आतला वरचा भाग नीट पाहा. पण ठिपके येण्याची वाट पाहू नका, ते उशिरा येतात किंवा येतही नाहीत. पावसाळ्यात डेंग्यूतही ताप, डोकेदुखी आणि ठिपके दिसतात, आणि तिथेच गल्लत होते. निदान डॉक्टरांवर सोडा, तुम्ही 108 ला फोन करा. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय लांब पडतं. अशा वेळी जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन मिळू शकेल का, ते विचारा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. अर्धवट डोसाने आजार दबतो आणि तपासणीत जिवाणू सापडत नाही.

रुग्णालयात पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात आणि सही करत नाहीत. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये जाते. मोठ्या माणसात मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे त्याला इजा होण्याची भीती नसते. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, एवढंच. औषध नेमकं कोणतं द्यायचं, ते याच पाण्यावरून ठरतं. ही सही अडवू नका.

आता घरातल्या आणि आसपासच्या माणसांचं. मेनिंगोकोकस थुंकीच्या थेंबांतून आणि जवळच्या सहवासातून पसरतो. दहातल्या साधारण एकाच्या घशात तो काहीही त्रास न देता राहतो. बाहेर, भांड्यांवर किंवा भिंतींवर तो फार टिकत नाही, म्हणून घरात औषध फवारून उपयोग नाही. (मेंदूज्वर म्हटलं की डासांचा जपानी मेंदूज्वर आठवतो. तो वेगळा, धूर सोडणं त्यासाठी.)

प्रतिबंधक औषध सगळ्या वाड्याला लागत नाही. आजार सुरू होण्याआधीच्या सात दिवसांत त्याच घरात राहिलेले, हॉस्टेलच्या एकाच खोलीत झोपणारे, चुंबन घेतलेले किंवा फुटबॉलच्या मैदानावर एकाच बाटलीला तोंड लावून पाणी प्यालेले, यांना ते लागतं. एकाच बसने प्रवास केला किंवा दोघं एकाच शाळेत आहेत, तेवढ्याने नाही. निकट सहवासातल्यांची नावं त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा. औषध 24 तासांत घेतलेलं उत्तम, चौदा दिवसांनंतर त्याचा फारसा अर्थ उरत नाही.

मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन 500 मिलिग्रॅम एकदाच, किंवा रिफाम्पिसिन 600 मिलिग्रॅम दर बारा तासांनी दोन दिवस. मुलांना रिफाम्पिसिन वजनाच्या प्रत्येक किलोला 10 मिलिग्रॅम, तितकेच डोस. एक महिन्याच्या आतल्या बाळाला 5. गरोदर बाईला सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन देतात. कुणाला काय, हे डॉक्टरांनी ठरवायचं. रिफाम्पिसिनने लघवी आणि अश्रू नारिंगी होतात, घाबरू नका. पण कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण त्यांचा परिणाम कमी होतो. हेच क्षयाचंही औषध आहे. गरज नसताना घेतलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

साथीत आरोग्य खातं लस सुचवेल ती घ्या, पण संरक्षण तयार व्हायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणून निकट सहवासातल्यांना लस घेतली तरी गोळी सोडता येत नाही. बाळाच्या नेहमीच्या लसींतली पेंटाव्हॅलेंट (6, 10 आणि 14 आठवडे) आणि न्यूमोकोकल (6 आणि 14 आठवडे, 9 महिने) मेनिंजायटिसच्या इतर दोन जिवाणूंपासून वाचवते. चुकलेला डोस आताच पूर्ण करा.

गोळी घेतली तरी दहा दिवस ताप पाहत राहा. ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन शाळेत पाठवू नका, थेट दवाखाना गाठा आणि घरात रुग्ण होता हे पहिल्याच वाक्यात सांगा.