रॅम हाय तरी मेमरी कमी म्हणतंय? रिसोर्सेस बघा

परभणी-नांदेडकडं कुणाच्या घरी अजून विंडोज ९८ चा जुना डबा चालू असंल तर ऐका, रॅम वाढवली म्हणून 'मेमरी कमी' हा मेसेज जाईलच असं नाही (दुकानदार रॅमच विकणार म्हणा), कारण सिस्टीम रिसोर्सेस म्हणजे युजर (खिडक्या, मेनू सांभाळणारा विंडोजचा भाग) अन् जीडीआय (स्क्रीनवर चित्रं-अक्षरं काढणारा भाग) यांचे मेमरीतले ठरलेल्या मापाचे कप्पे, त्यातले काही तर फक्त ६४ केबीचे. माय कम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परफॉर्मन्स टॅब, तिथं किती टक्के फ्री ते दिसतंय. लई खाली गेलं की काम सेव्ह करून सरळ रिस्टार्ट मारा, नुसता प्रोग्राम बंद केल्यानं सगळं परत मिळतंच असं नाही. मग स्टार्ट मेनूतल्या रनमधी एमएसकॉन्फिग (msconfig) टाकून स्टार्टअपमधला, म्हणजे डबा चालू होताच आपोआप सुरू होणारा, फालतू भरणा काढा, अँटीव्हायरस तेवढा राहू द्या.