थायरॉईडची गोळी लिहिण्याआधी कॉर्टिसॉल

एकाच पेशंटच्या दोन अंतःस्रावी ग्रंथी बिघडल्या की बाकीच्याही तपासायच्या, एवढी सवय फॅमिली डॉक्टरांनी लावून घेतली तरी ऑटोइम्यून पॉलिग्लँड्युलर सिंड्रोम (शरीराची प्रतिकारशक्तीच एकाहून जास्त ग्रंथींवर उलटते तो आजार) सहसा निसटत नाही. मोठ्या माणसांत दिसतो तो टाइप २: ॲडिसन (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी बिघडून कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी पडणं), आणि जोडीला थायरॉईड किंवा टाइप १ डायबेटिस, कधी दोन्ही.

घोळ ठरलेला आहे. थकवा, टीएसएच (थायरॉईड मंदावला की वाढणारं हार्मोन) ८, लगेच थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी. मग उलट्या, बीपी ८० आणि कॅज्युअल्टी. थायरॉक्सिनमुळे शरीरातलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि आजारी ॲड्रिनल ते भरून काढू शकत नाही. गंमत म्हणजे नुसत्या ॲडिसनमध्येही टीएसएच थोडं वाढतं आणि स्टेरॉईड दिल्यावर कित्येकदा आपोआप उतरतं. म्हणून टीएसएच जास्त असूनही वजन घटत असेल, सोडियम कमी नि पोटॅशियम जास्त असेल, किंवा टाइप १ डायबेटिसच्या पेशंटची शुगर नेहमीच्याच इन्सुलिनवर लो होऊ लागली असेल, तर आधी कॉर्टिसॉल.

ॲडिसनमध्ये कातडी काळवंडते, त्याला ‘उन्हाने रापलाय’ म्हणून सोडू नका. उन्हाचा रंग बाहीपाशी थांबतो. हिरड्या, गालाची आतली बाजू, तळहाताच्या रेषा, अलीकडचा व्रण बघा. सावळ्या माणसाच्या हिरड्या मुळातच काळसर असू शकतात, तेव्हा मोबाइलमधला जुना फोटो मागा.

सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉल आणि एसीटीएच (ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन) एकत्र. एसीटीएचचं रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये, लगेच बर्फात, प्लाझ्मा थंड सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळा. घरून घेतलेलं सॅम्पल मे महिन्यात बॅगेतून बोरिवलीहून परळला गेलं, तर एसीटीएच खोटं कमी येतं आणि दोष नाहक पिट्यूटरीवर जातो. पेशंटलाच लॅबमध्ये पाठवा.

कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली आणि एसीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त, म्हणजे निदान जवळपास पक्कं. आकडा अधलामधला आला तर सिनॅक्थेन (कृत्रिम एसीटीएच) २५० मायक्रोग्रॅम देऊन ३० आणि ६० मिनिटांनी रक्त. लॅबच्या जुन्या पद्धतीत कॉर्टिसॉल १८ च्या खाली राहिलं तर अपुरं धरतात. नव्या पद्धतींची मर्यादा कमी असते, लॅबला विचारून घ्या. त्याआधी इनहेलर, गोरेपणाची क्रीम, सांधेदुखीच्या पुड्या यांची चौकशी हवीच, स्टेरॉईड तिथे लपतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉल फसवं जास्त दिसतं.

ॲडिसन ठरला तरी आपल्याकडे टीबीचा संशय उरतोच. २१-हायड्रॉक्सिलेज (ॲड्रिनलमधलं एन्झाइम) अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर ऑटोइम्यून. निगेटिव्ह आली तर सीटी: टीबीत ग्रंथी फुगलेल्या किंवा कॅल्शियम साचलेल्या, ऑटोइम्यूनमध्ये बारीक.

मग बाकीच्यांसाठी टीपीओ (थायरॉईडची) आणि जीएडी (टाइप १ डायबेटिसची) अँटिबॉडी, शुगर, कॅल्शियम, बी१२, आणि सीलिॲक आजारासाठी टीटीजी (सोबत एकूण आयजीए). सगळं नॉर्मल आलं तरी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा, कारण दुसरी ग्रंथी बरीच वर्षं उशिराही बिघडते.

लहान मुलाच्या तोंडात वारंवार बुरशी आणि कॅल्शियम कमी होऊन आकडी, असं जोडीने दिसलं तर तो याच सिंड्रोमचा टाइप १. एआयआरई जनुकाची तपासणी करा.

आणि बीपी पडलेलं असेल, तर कॉर्टिसॉल-एसीटीएचचं रक्त काढून ठेवा आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम व सलाइन तिथल्या तिथे सुरू करा. रिपोर्ट नंतर येऊ दे.